कपाटामागची ओल

आधी वास आला. २०२२ चा जुलै, झड लागून आठवडा झालेला. सासूबाईंचं कपाट उघडलं तर आत कोणी भिजलं पोतं कोंबून ठेवलंय असा कुबट भपकारा. लुगडी काढून पलंगावर टाकली, तर खालच्या दोन नऊवारींवर राखाडी ठिपके. पंधरा दिवसांपूर्वी धुऊन, इस्त्री करून ठेवलेल्या. मग नवऱ्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून कपाट पुढे ओढलं. मागच्या प्लायवूडला फुगून पोट सुटलं होतं, आणि भिंतीवर, जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत, कोणी शाईचं पेन झटकावं तसे काळे ठिपके. हात लावला. नुसती दमट नव्हती भिंत, ओली होती. तळव्याला पाणी लागलं.

घर आमचं डोंबिवलीत. चार मजली इमारत, १९९६ सालची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंच्या खोलीचा हा कोपरा असा, की एका भिंतीपलीकडे बाथरूम आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे मुलाची खोली. ओल दिसत होती ती मुलाच्या खोलीकडच्या भिंतीवर, पण बाथरूमपासून हातभर अंतरावर. त्यामुळे जो येईल तो आधी मान वर करून छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "वरून गळतंय." प्लंबर, रंगारी, सोसायटीचे सेक्रेटरी, दूधवालासुद्धा. इमारतीत राहणाऱ्या माणसाला ओल दिसली की पहिला संशय वरच्यांच्या बाथरूमवर, यात कोणाला शिकवावं लागत नाही.

मीही गेले वर. काकूंनी दार उघडलं, चहा विचारला, आणि मी विषय काढल्यावर चहाचं राहूनच गेलं. "आमचं बाथरूम दोन वर्षांपूर्वी नवं केलंय. टाइल्ससकट." मी म्हटलं, नवं असलं म्हणून गळत नाही असं थोडंच आहे. हे बोलायला नको होतं. त्यानंतर वर्षभर जिन्यात आम्ही एकमेकींना पाहून पिशवीत किल्ल्या शोधायचो.

सोसायटीकडे अर्ज केला. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाचं पाणी बाहेरून झिरपत असेल किंवा सामायिक पाइप गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि संडास, बाथरूम, सिंक यांतून गळत असेल तर ज्याच्या घरातून गळतं त्याने. म्हणजे गळती कुठली हे ठरल्याशिवाय कोणीच खिशात हात घालणार नाही. ते ठरवायला प्लंबर आला. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा मारून त्याने चार बोटं पाणी भरलं, त्यात कपड्यांची नीळ ओतली आणि चोवीस तास कोणी आत पाय ठेवायचा नाही असं बजावलं. काकूंकडची चार माणसं आंघोळीला बहिणीकडे गेली. इकडे आम्ही टॉर्च घेऊन भिंतीवर निळा डाग शोधतोय. भिंत सकाळी नेहमीसारखी ओली. निळं काही नाही. प्लंबर डोकं खाजवून म्हणाला, "वहिनी, नीळ स्लॅबमध्ये गाळली जाते, खाली नुसतं पाणी येतं."

आणि आम्ही ते मान्य केलं! आज लिहिताना हसू येतंय. पण दोषी आधीच ठरलेला असला की पुरावा कसाही वळतो.

काकूंनी पुन्हा टाइल्स फोडायला साफ नकार दिला. मग आम्हीच आपल्या बाजूने भिंत 'सील' करायची ठरवलं. वॉटरप्रूफिंगवाल्याने बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक केली, डॉक्टर छातीवर करतात तशी, आणि अठरा हजार सांगितले. पापुद्रे खरवडले, कसलं तरी केमिकल दोन हात मारलं, वर पुट्टी, वर रंग. सात वर्षांची गॅरंटी, लेटरहेडवर. ऐन ऑगस्टमध्ये, ओल्या भिंतीवर. आता कळतं की नुसतं हे ऐकूनच त्याला दारातून परत पाठवायला हवं होतं.

पण गंमत म्हणजे भिंत सुकली. बाहेर धो धो पाऊस, वरती काकूंच्या आंघोळी चालू, आणि आमचा कोपरा कोरडाठाक. पंधरा दिवस झाले, अठरा झाले. वॉटरप्रूफिंगवाला उरलेले पैसे न्यायला आला तेव्हा भिंतीवर थाप मारून म्हणाला, "बघा." मी पैसे दिले, वर शेजारच्या दोन घरांना त्याचा नंबरही दिला. त्याबद्दल ती दोन्ही घरं मला अजून ऐकवतात.

तीन आठवड्यांनी एका सकाळी नवा रंग पुरीसारखा टम्म फुगलेला. सुईने टोचलं तर पाण्याची धार माझ्या मनगटावर. फोन केला. "पावसाळा जाऊ द्या मॅडम, मग बघू." पावसाळा गेला, ओल गेली, फोन उचलणंही गेलं.

२०२३ च्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर दहाव्या दिवशी ठिपके परत आले. सासूबाईंचा खोकलाही परत आला. खोकला बुरशीनेच आला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण त्यांची झोपायची जागा बदला, एवढं म्हणाले. त्या हॉलमध्ये झोपायला लागल्या आणि मला रोज रात्री वाईट वाटायला लागलं.

मागच्या विंगमध्ये पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले एक इंजिनियर राहतात. मी त्यांना काका म्हणते. त्यांना बोलावलं. छताकडे न बघता थेट भिंतीकडे बघणारा हा पहिला माणूस. त्यांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला, वाकले, भिंतीवरून नख फिरवलं, वास घेतला. मग हॉलमध्ये गेले. तिथली पश्चिमेची भिंत खिडकीच्या वर दरवर्षी थोडी ओलावते. तिचं आम्ही कधी मनावर घेतलं नव्हतं, कारण ती 'आपली नेहमीची' होती. तिथे नख लावलं तर पांढरी पूड सांडली.

"हा लोणा," ते म्हणाले. "पाणी भिंतीच्या आतून येतं तेव्हा विटांमधले, सिमेंटमधले क्षार बरोबर घेऊन येतं. पाणी उडून जातं, खार वर राहतो. तुमच्या त्या कोपऱ्यात एक कण लोणा नाही. नुसती बुरशी. मग तिथलं पाणी भिंतीतून आलंय कशावरून?"

मग त्यांनी पोळ्या गुंडाळायची फॉइल मागितली. कोपऱ्यातली भिंत मी हेअर ड्रायरने सुकवली, हॉलमधलीही वरवर सुकवली. दोन्हीकडे वहीच्या पानाएवढा फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावला. कोपऱ्यातल्या फॉइलसमोर कपाट होतं तसं सरकवून ठेवलं, आणि सगळं दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी मला उठायला सांगितलं होतं म्हणून उठले, आणि कपाटामागे टॉर्च मारला. फॉइलच्या वरच्या अंगावर, म्हणजे खोलीकडच्या बाजूला, थेंबच थेंब. काही ओघळून खाली गेलेले. पट्टी सोलून फॉइल उलटी केली: आतली बाजू कोरडी. फॉइलखालची भिंतही कोरडी. हॉलमध्ये नेमकं उलटं. बाहेरून चकचकीत आणि आतून ओली, पट्टीच्या गोंदाला पांढरी पूड चिकटलेली.

म्हणजे एका घरात दोन वेगळी दुखणी. हॉलच्या भिंतीत पाऊस बाहेरून शिरत होता. आणि कोपऱ्यातल्या भिंतीवरचं पाणी वरून नाही, खालून नाही, भिंतीतूनही नाही, तर खोलीतल्या हवेतून येत होतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसा भिंतीला घाम येत होता.

पण बाटली गार असते. आमची भिंत कशाने गार?

त्याचं उत्तर कॅलेंडरने दिलं. आदल्या वर्षी सोसायटीला दाखवायला म्हणून दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी भिंत ओली त्या तारखेखाली मी 'ओ' लिहीत होते. ते कॅलेंडर गॅरंटीच्या कागदासोबत जपून ठेवलं होतं. काकांनी ऑगस्टच्या पानावर बोट ठेवलं. "हे तीन आठवडे रिकामे का?" मी म्हटलं, वॉटरप्रूफिंग केलं होतं तेव्हा. "आणि मग पुन्हा ओ कसा?" मला सांगता येईना. दिवाणावर वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा नातू पुण्याला नव्हता का गेला, इंटर्नशिपला?"

मुलाच्या खोलीत एसी आहे. तो रात्री अकराला लागतो आणि अठरावर असतो. २०२० पासून स्टार लेबलवाले एसी कारखान्यातूनच चोवीस अंशांवर लावून येतात, पण रिमोट माणसाच्याच हातात असतो. त्याचा एसी समोरच्या ज्या भिंतीवर रात्रभर गार झोत मारतो, ती हीच भिंत. विटांची, चार इंची. तिच्या पाठीला सासूबाईंचं कपाट.

संशय खरा की खोटा हे बघायला मोजमाप हवं होतं. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र सहाशे रुपयांना आणलं. भिंतीचं तापमान घ्यायला काय, हा प्रश्न होता. तेव्हा काकांना सोसायटीच्या ऑफिसमधली कोरोनाची बंदूक आठवली! २०२० मध्ये गेटवर वॉचमन सगळ्यांच्या कपाळावर रोखायचा ती. तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती. सेल बदलले. कपाळाच्या मोडमध्ये ती भिंतीला 'लो' एवढंच म्हणत होती, पण बटण दाबून वस्तूच्या मोडवर नेली की आकडा दाखवायची.

पहाटे साडेपाचची नोंद अशी: सासूबाईंच्या खोलीतली हवा २८.४ अंश, आर्द्रता ८८ टक्के. काकांनी कागदावर गणित मांडलं. अशा हवेचा दवबिंदू सव्वीस अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे त्याहून गार जे काही तिला शिवेल त्यावर पाणी धरणार. मग बंदूक. खोलीची बाकीची भिंत २८. कोपऱ्यातली, कपाटाच्या बाजूची उघडी भिंत २६. कपाटामागे हात घालून रोखली तर २३.९.

कपाटामागे सगळ्यात गार का, हे मला आधी पटेना. कपाट म्हणजे पांघरूण, मग तिथे ऊब नको? काका म्हणाले, पांघरूणच आहे, पण चुकीच्या बाजूने घातलेलं. पलीकडून थंडी येतेय आणि अलीकडची खोलीची ऊब कपाट भिंतीपर्यंत पोचू देत नाही. वारा फिरत नाही म्हणून आलेला ओलावा सुकतही नाही. दुपारी एसी बंद, भिंत हळूहळू तापते, वरवर सुकते. म्हणूनच दुपारी येणाऱ्या प्लंबर-रंगाऱ्यांना फक्त डाग दिसायचे, पाणी कधी दिसलंच नाही.

राहिला प्रश्न हवेत एवढं पाणी येतं कुठून. पावसाळ्यात डोंबिवलीच्या हवेला पाणी शिकवायला नको, पण आम्हीही भर घालत होतो. त्या खोलीत खिडकी बंद करून, पंख्याखाली स्टँडवर दोन बादल्या कपडे वाळत असायचे. ते वाळतात म्हणजे त्यांतलं पाणी कुठे जातं, हा विचार मी आयुष्यात केला नव्हता. कपड्यांतून हवेत, हवेतून भिंतीवर, भिंतीवरून लुगड्यांत. शिवाय स्वयंपाकघर. काकांनी सांगितलेली एक गोष्ट मी नंतर येईल त्याला ऐकवलीय: गॅस जळतानाही पाणी तयार होतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाण्याची वाफ घरात सोडतो. कुकरच्या शिट्ट्या आणि भाताची वाफ वेगळी. आमचा एक्झॉस्ट पंखा चिकटपणाने बंद पडलेला, त्यावर वर्तमानपत्र लावलेलं.

सासूबाई हे सगळं ऐकून म्हणाल्या, "आमच्या गावच्या घराला जांभ्याच्या भिंती. पावसाआधी पडवीला झापं बांधायची, आणि ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर. धूर बाहेर जायला कौलांत फट होतीच. तुम्ही सगळ्या फटी बुजवल्यात." काका हसले, पण त्यांनी मान डोलावली.

मग कामाला लागलो. सगळ्यात आधी बुरशी. कोरड्या ब्रशने घासायची नाही, कण खोलीभर उडतात. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, आणि ओल्या फडक्याने पुसायचं. त्यानंतर कपड्यांच्या ब्लीचचं पाणी, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, लावून दहा मिनिटांनी पुन्हा पुसायचं. हे करताना संडास धुवायचं ॲसिड जवळपासही नको. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो जीवघेणा असतो. नवऱ्याने 'दोन्ही घातलं तर डबल साफ होईल' असा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्याला खोलीबाहेर काढलं. वॉटरप्रूफिंगवाल्याचा रंग सोलायला फार कष्ट पडले नाहीत, तो चादरीसारखा हातात आला.

कपाट फेकलं नाही. मागची प्लायवूड काढून नवी लावली आणि कपाट या भिंतीवरून उचलून समोरच्या भिंतीला नेलं, तिथेही मागे चार बोटं जागा सोडून. एक्झॉस्ट पंखा सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून साफ केला, चालू झाला. कपड्यांचा स्टँड बाल्कनीत. बाल्कनीत झड येते, कपडे दोन दिवस वाळत नाहीत, सादळल्यासारखे राहतात, हे मान्य. शेवटची वाळवणी इस्त्रीने करते. मिठासारखे खडे असलेले ओल शोषणारे डबे दोन आणून ठेवले होते. महिन्यात पेलाभर पाणी जमलं त्यांत. बंद कपाटात ठीक आहेत, खोलीसाठी निव्वळ टाइमपास.

मुख्य प्रश्न एसीचा. घरात यावरून जेवढी वादावादी झाली तेवढी काकूंशीही झाली नव्हती. मुलगा म्हणे, मला अठराशिवाय झोप येत नाही. त्याला फॉइल दाखवली, बंदूक दाखवली. शेवटी आजीचं अंथरूण हॉलमध्ये का, हे दाखवलं. सव्वीस आणि वर पंखा, यावर तह झाला. एसीची पाती वर केली, झोत भिंतीवर थेट जाऊ नये म्हणून. चौथ्या दिवशी पहाटे त्याच जागी भिंत २७.३. हात फिरवला. कोरडी. मी दोनदा फिरवला.

हॉलच्या भिंतीचं मात्र औषध वेगळं, आणि ते अजून पुरतं झालेलं नाही. नैऋत्येचा वारा पाऊस आडवा करून पश्चिमेच्या भिंतीवर मारतो, आणि आमच्याकडे बीम जिथे संपतो आणि वीटकाम सुरू होतं त्या सांध्याला बाहेरून केसाएवढी चीर आहे. ती बाहेरूनच बुजवायची, आतून कितीही थापा मारल्या तरी पाणी मागे दबा धरून बसतं. हे काम सोसायटीचं. त्यासाठी बांबूची परांची लागते, आणि भिंत नीट वाळल्यावर, म्हणजे डिसेंबर ते मे मध्येच करायचं असतं. मे महिन्यात कोटेशन येतात, जूनमध्ये मीटिंग होते, आणि पाऊस सुरू झालाय म्हणून विषय पुढच्या वर्षावर जातो. मागच्या मार्चमध्ये निदान चीर खरवडून, जाळी लावून, अर्ध्या भिंतीचं प्लास्टर झालं. अर्ध्याचं का, तर अर्ध्याचेच पैसे जमले. लोणा आता अर्ध्याच भागात येतो.

काकूंकडे मी गेले. श्रावणात, हळदीच्या पानातल्या पातोळ्या घेऊन. काय बोलायचं ते जिन्यात तीनदा घोकलं होतं. त्यांनी दार उघडलं, डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "आत ये, चहा ठेवते. त्या दिवशीचा राहिलाय." मी नीळ आणि फॉइलची हकिगत सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "चार माणसं आंघोळीला टिटवाळ्याला गेलो होतो गं आम्ही." यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

सासूबाई आपल्या खोलीत परत झोपायला लागल्या. बंदूक सोसायटीने मागितली नाही, ती आमच्याकडेच आहे, आणि पावसाळ्यात इमारतीत फिरत असते. तळमजल्यावरच्यांनी मागच्या आठवड्यात नेलीय. मला तिची तशी गरज उरलेली नाही. सव्वीसचा तह मुलगा दिवसा पाळतो. पण सकाळी त्या कोपऱ्यावर हात फिरवला, की रात्री तो रिमोट घेऊन कुठवर खाली गेला होता ते मला कळतं.